बेंजामिन मिंज डग्गर

बेंजामिन मिंज डग्गर (१ सप्टेंबर, १८७२:गॅलियन, अलाबामा, अमेरिका - १० सप्टेंबर, १९५६:न्यू हेवन, कनेटिकट) हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी शोधलेले ऑरिओमायसिन (क्लोरटेट्रासायक्लिन) हे टेट्रासायक्लिन गटातील पहिले प्रतिजैविक होय. पशुधनाला तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा इतिहास या औषधाशी निगडित आहे.

जीवन

डग्गर यांनी १८९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पुढे मिसूरी, कॉर्नेल, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. वनस्पतींचे बुरशीजन्य रोग हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. अळिंबीच्या लागवडीवरही त्यांनी लेखन केले. वयाच्या सत्तरीनंतर ते विद्यापीठातून निवृत्त झाले आणि १९४४ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होते. ज्या कामामुळे डग्गर आज ओळखले जातात, ते या उतारवयातले आहे.

ऑरिओमायसिन

डग्गर यांनी ठिकठिकाणांहून मातीचे नमुने मागवून त्यांतील सूक्ष्मजीव तपासले. मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न या प्रायोगिक शेतातील मातीत त्यांना सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव आढळला. त्याला स्ट्रेप्टोमायसिस ऑरिओफेशियन्स असे नाव मिळाले आणि त्यापासूनचे औषध १९४८ मध्ये जाहीर झाले. तत्कालीन पेनिसिलिन जठरातील आम्लाने निकामी होई, तर स्ट्रेप्टोमायसिन आतड्यातून फारसे शोषले जात नसे. त्यामुळे दोन्ही टोचूनच द्यावी लागत. ऑरिओमायसिन मात्र पोटातून रक्तात पोहोचत असे.

पशुवैद्यकातील वापर

शेकडो कोंबड्यांना एकेक करून टोचणे व्यवहार्य नसते. औषध खाद्यात किंवा पाण्यात मिसळता आले, तर काम सोपे होते. वासरांची जिवाणूजन्य हगवण, डुकरांचे आतड्यांचे विकार आणि कोंबड्यांचे संसर्ग यांवर हे औषध वापरात आले. त्याला मर्यादाही आहेत. आजारी जनावर खाणे सोडते, म्हणून सर्वाधिक गरज असलेल्यालाच मात्रा कमी मिळते. दुधातील कॅल्शियममुळे औषधाचे शोषण घटते. प्रौढ गाई-म्हशींच्या कोटीपोटातील उपयुक्त जिवाणूंनाही ते अपाय करू शकते.

उपचाराइतकाच प्रभाव एका अनपेक्षित निरीक्षणाचा पडला. लेडर्लेमधील थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांच्या पोषणावर काम करत होते. या सूक्ष्मजीवाच्या किण्वनातील अवशेष खाणारी पिल्ले झपाट्याने वाढतात, असे त्यांना दिसले. १९५० नंतर निरोगी जनावरांच्या खाद्यातही अल्प मात्रेत औषध मिसळण्याची प्रथा वाढली. अशा सततच्या अल्प मात्रेमुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू टिकून राहतात व फैलावतात. मातीतून मानवी रोगांवर औषध शोधणाऱ्या डग्गर यांचा या प्रथेत प्रत्यक्ष वाटा नव्हता. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्ये मानवी उपचारांतील प्रतिजैविके वाढीसाठी न वापरण्याची शिफारस केली. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीच्या उर्वरित प्रतिजैविकांवर बंदी घातली. अमेरिकेत २०१७ पासून, मानवी उपचारांत महत्त्वाचे असलेले प्रतिजैविक खाद्यातून द्यायचे असल्यास पशुवैद्यकाचा लेखी आदेश लागतो.