डॉ. आल्फ्रेड गॉटशाल्क

मूत्र म्हटलें कीं आपण नाक मुरडतों. त्याच मूत्रांतील एका द्रव्याची रासायनिक घटना तपासून ज्या गृहस्थांनीं इन्फ्लुएंझाच्या विषाणूचें मर्म उघडकीस आणलें, त्यांचें हें अल्प चरित्र आहे.

आल्फ्रेड गॉटशाल्क यांचा जन्म १८९४ सालीं जर्मनींतील आखेन शहरीं झाला. वैद्यकाची पदवी मिळवून त्यांनीं बर्लिन येथें नॉयबेर्ग ह्या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम केलें, आणि १९२६ सालीं शेटिनच्या रुग्णालयांत ते जीवरसायन विभागाचे प्रमुख झाले. परंतु ते ज्यू वंशाचे होते. नाझी राजवटींत तें पद गेलें, व १९३९ सालीं त्यांनीं मेलबर्न गांठलें. ज्या वयांत माणसाचा जम बसलेला असतो त्या ४५ व्या वर्षीं परक्या भाषेंत पुनः श्रीगणेशा करणें सोपें नव्हे!

तेथील हॉल संस्थेंत बर्नेट हे इन्फ्लुएंझाचा अभ्यास करीत होते. हा विषाणु रक्तपेशींस चिकटतो व कांहीं वेळानें आपण होऊन सुटतो; मग त्या पेशींस तो पुनः चिकटूं शकत नाहीं. अर्थात् पेशीवरचें कांहीं तरी तो तोडून टाकतो. तें काय? रक्तपेशींवर तें हुडकणें दुर्घट. पण मानवी मूत्रांतील एक प्रथिनही विषाणूस तसेंच धरून ठेवतें. मूत्रपिंडांत तयार होणारें हें ग्लायकोप्रोटीन न्यूयॉर्कच्या टॅम व हॉर्सफॉल ह्यांनीं १९५० सालीं शुद्ध स्वरूपांत मिळविलें. त्याच्या वजनाचा सुमारें ३० टक्के भाग शर्करांचा असतो. अशा मूत्रप्रथिनावर गॉटशाल्क यांनीं विषाणूचें एन्झाइम सोडलें, तेव्हां त्यांतून एक लहानसा रेणु सुटा झाला. १९५१ सालीं त्यांनीं त्याची जी ओळख दिली ती टिकली नाहीं. मेंदूंतील द्रव्यांत न्यूरामिनिक आम्ल शोधणाऱ्या क्लेंक यांनीं १९५५ सालीं तो रेणु त्याच आम्लाचा प्रकार असल्याचें दाखविलें. गॉटशाल्क खचले नाहींत. त्याच वर्षीं त्या आम्लाची खरी बांधणी, म्हणजे पायरुव्हिक आम्ल व एक अमिनो-शर्करा यांचा संयोग, त्यांनींच मांडली. एन्झाइमास न्यूरामिनिडेज हें नांव रूढ झालें तेंही त्यांच्यामुळें.

ज्या देशानें घालवून दिलें, तेथेंच १९६३ सालीं ते परत गेले व ट्यूबिंगेन येथें राहिले. ग्लायकोप्रोटीनांवरील त्यांनीं संपादिलेला बृहद्ग्रंथ १९६६ सालीं निघाला. १९७३ सालीं त्यांचें निधन झालें. पुढें १९८९ सालीं त्याच न्यूरामिनिडेजला अडविणारें झानामिवीर हें औषध तयार झालें, तेंही मेलबर्न येथेंच.