विश्लेषण : मूर्ती नसलेला गोठा! संत फ्रान्सिस यांनी ८०० वर्षांपूर्वी नाताळ कसा साजरा केला?

नाताळ जवळ आला की यादी वाढत जाते. नवे कपडे, केक, फराळ, चांदण्या, भेटवस्तू, पाहुणे आणि त्यासाठी लागणारा पैसा. या धावपळीत सण कोणाच्या जन्माचा, हेच मागे पडते, अशी खंत अनेक ख्रिस्ती कुटुंबांत व्यक्त होते. गोवा आणि वसईत तर गोठ्यांच्याही स्पर्धा होतात. मात्र या गोठ्याची परंपरा ज्यांच्या नावाशी जोडली जाते, त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी उभारलेल्या गोठ्यात ना रोषणाई होती, ना मूर्ती.

संत फ्रान्सिस कोण होते?

गोव्यात ज्यांचे शव जतन केले आहे, ते सेंट फ्रान्सिस झेवियर सोळाव्या शतकातील. असिसीचे फ्रान्सिस त्यांच्या तीन शतके आधीचे. इटलीतील असिसी येथे ११८१ किंवा ११८२ मध्ये एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तरुणपण मौजमजेत गेले. पेरुजा शहराविरुद्धच्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. नंतरच्या आजारपणात त्यांचे मन पालटले. वडिलांच्या संपत्तीवर त्यांनी बिशपसमोर पाणी सोडले, अंगावरचे कपडेही परत केले. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या छोट्या संघाला तोंडी मान्यता दिली.

१२२३ चा नाताळ कोणत्या परिस्थितीत आला?

तो काळ त्यांच्यासाठी ताणाचा होता. मूठभर साथीदारांचा संघ आता हजारोंचा झाला होता. गरिबीचे व्रत किती कडक पाळायचे, यावर संघातच मतभेद होते. फ्रान्सिस यांनी १२२० मध्येच प्रमुखपद सोडले होते. इजिप्तच्या प्रवासानंतर डोळ्यांचा विकार बळावला होता. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी संघाच्या नियमावलीला अंतिम मंजुरी दिली. त्यानंतर फ्रान्सिस नाताळसाठी ग्रेच्चो या डोंगरातल्या गावी आले.

ग्रेच्चोत नेमके काय घडले?

नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्यांनी जोव्हान्नी या ओळखीच्या गृहस्थांना तयारी करायला सांगितली. मागणी अगदी थोडी होती : एक गव्हाण, थोडे वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव. बेथलेहेममध्ये जन्मलेल्या बाळाला काय गैरसोय सोसावी लागली, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. नाताळच्या रात्री गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन आले. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन दिले. ही हकीकत चेलानोचे थॉमस यांनी काही वर्षांतच त्यांच्या चरित्रात नोंदवली.

गव्हाणीत मूर्ती का नव्हती?

त्या वर्णनात बाळ येशू, मारिया किंवा योसेफ यांच्या मूर्तींचा उल्लेख नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मिस्सेतील भाकरीत ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो. बेथलेहेम या नावाचा अर्थही भाकरीचे घर असाच आहे. त्यामुळे रिकाम्या गव्हाणीवर मिस्सा होणे, हाच त्या देखाव्याचा गाभा होता. ख्रिस्तजन्माची चित्रे आणि नाट्ये त्याआधीही होती. पण गावकऱ्यांना थेट गोठ्यात उभे करणारा हा प्रसंग लोकांच्या स्मरणात राहिला.

मेजवानीला त्यांचा विरोध होता का?

मुळीच नाही. नाताळ हा त्यांच्यासाठी सर्व सणांत मोठा सण होता. नाताळ शुक्रवारी, म्हणजे मांस वर्ज्य असलेल्या दिवशी, आला तेव्हा या दिवशी भिंतींनाही मांस मिळायला हवे, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांना जास्त चारा द्यावा, चंडोलांसाठी रस्त्यांवर धान्य टाकावे, असा हुकूम सम्राटाने काढावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या मेजवानीत पंगत मोठी होती आणि भुकेल्यांचा मान पहिला होता.

पुढे काय झाले?

३ ऑक्टोबर १२२६ रोजी फ्रान्सिस यांचे निधन झाले. १२२८ मध्ये त्यांना संतपद मिळाले. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी गोठ्याची प्रथा दूरवर नेली. हेच धर्मगुरू १५१७ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावाचे चर्च आजही उभे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चोला जाऊन गोठ्याचा अर्थ सांगणाऱ्या पत्रावर सही केली.

त्या रात्रीनंतर गव्हाणीतले गवत गावकऱ्यांनी जपून ठेवले आणि आजारी गुरांना खाऊ घातले, असे चरित्रकार सांगतात. आजारी, थकलेल्या फ्रान्सिस यांच्या त्या नाताळला लागलेले सारे सामान गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या गोठ्यात मिळण्यासारखे होते.