जमैका रोडवरचे डॉक्टर

जुबिली लाइनने कॅनरी व्हार्फला कामावर जाणाऱ्या आपल्या वाचकांनी बर्मंडसी हे स्थानक कितीतरी वेळा मागे टाकले असेल. स्थानकाबाहेर जो रस्ता लागतो तो जमैका रोड. आज तेथील घरांच्या किमती ऐकून छातीत धस्स होते. परंतु १९०० साली आल्फ्रेड सॉल्टर नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरने याच रस्त्यावर आपला दवाखाना थाटला, तेव्हा येथे राहणे ही कोणाच्याही हौसेची गोष्ट नव्हती. एका बाजूला थेम्सचे धक्के, दुसऱ्या बाजूला कातडी कमावण्याचे आणि सरस बनवण्याचे कारखाने, मध्येच बिस्किटांच्या आणि मुरंब्यांच्या भट्ट्या. या सगळ्यांच्या संमिश्र वासात, अरुंद बोळांतून हजारो कुटुंबे कोंबलेली होती. कित्येक घरांना मिळून अंगणात एकच नळ आणि मोजके शौचकूप. धक्क्यावरची मजुरी रोजची रोज मिळे किंवा मिळत नसे, आणि आजारपण आले की घरातली भांडीकुंडी गहाण पडत.

सॉल्टर यांचा जन्म १८७३ साली जवळच्याच ग्रीनिचमध्ये झाला. घर धार्मिक वळणाचे, बेताच्या मिळकतीचे. बुद्धीच्या आणि शिष्यवृत्तीच्या बळावर ते गायज् हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि सुवर्णपदकांसह वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले. जंतुशास्त्र हा तेव्हाचा सर्वांत चैतन्यमय विषय. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते आणि हाफकिन लस शोधण्यात गढून गेले होते, त्याच सुमारास सॉल्टर पुढे लिस्टर इन्स्टिट्यूट म्हणून नावारूपाला आलेल्या संस्थेत जंतुशास्त्रज्ञ म्हणून काम करीत होते. वरिष्ठांचा त्यांच्यावर विश्वास होता. संशोधनाचा राजमार्ग समोर मोकळा होता.

तो त्यांनी सोडला. विद्यार्थिदशेत रुग्णांच्या घरी जाताना बर्मंडसीच्या बोळांत जे पाहिले होते, ते त्यांच्या मनातून जाईना. ज्या रोगांचे जंतू ते प्रयोगशाळेत काचेखाली पाहत होते, त्या रोगांचे खरे कारण ओल, दाटी आणि घाण यांत आहे हे त्यांना कळून चुकले होते. १८९८ साली ते ‘बर्मंडसी सेटलमेंट’ या सेवासंस्थेत राहायला आले. तेथेच त्यांची एडा ब्राउन यांच्याशी गाठ पडली. नॉर्थहॅम्पटनशरच्या रॉन्ड्स गावची, त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी असलेली ही स्त्री वस्तीतल्या कष्टकरी मुलींसाठी काम करीत होती. पुढे दोघांचे लग्न झाले आणि त्यांनी बर्मंडसीतच संसार मांडला.

दवाखान्यात तपासणीचे सहा पेन्स पडत. ज्याच्यापाशी तेही नसत त्याच्याकडून काहीच घेतले जात नसे. रांग रस्त्यापर्यंत जाई. काम एकट्याला आवरेना तेव्हा त्याच विचारांचे डॉक्टर भागीदार म्हणून आले, आणि दवाखाना जवळजवळ सहकारी तत्त्वावर चालू लागला. मात्र औषध देऊन रुग्णाला पुन्हा त्याच ओलसर खोलीत पाठवायचे, हे सॉल्टर यांना निरर्थक वाटू लागले. म्हणून ते १९०३ मध्ये बरो कौन्सिलवर निवडून गेले, नंतर लंडन काउंटी कौन्सिलवर. १९०८ मध्ये जुना पक्ष सोडून त्यांनी बर्मंडसीत इंडिपेंडंट लेबर पार्टीची शाखा उभारली आणि पुढल्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत सपाटून हरले.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट मात्र निवडणुकीची नव्हती. १९०२ मध्ये त्यांना मुलगी झाली, जॉइस. शेजाऱ्यांची मुले ज्या हवेत वाढतात, ज्या शाळेत शिकतात, तेथून आपली मुलगी दूर ठेवायची नाही, असे दोघांनी ठरवले होते. वेगळे काही केले असते तर शेजाऱ्यांमध्ये राहण्याला काही अर्थच उरला नसता, अशी त्यांची भूमिका. वस्तीत स्कार्लेट फीव्हरची साथ वारंवार येई. जॉइसला तो एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला, आणि १९१० मध्ये तिसऱ्यांदा झाला, त्यात ती गेली. आठ वर्षांची होती. प्रतिजैविके अजून कित्येक वर्षे दूर होती, आणि जंतुशास्त्रात पारंगत असलेल्या बापाच्या हाती काहीही नव्हते.

आईबापांनी आपल्या तत्त्वाची किंमत लेकराला मोजायला लावावी का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार आणि आजही तो सुटलेला नाही. देश सोडून मुलांसाठी चांगल्या शाळांच्या हद्दीत घर शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो जास्तच टोचतो. मला स्वतःला हा निर्णय घेता आला नसता. सॉल्टर पतिपत्नींना पुन्हा मूल झाले नाही. त्यांनी वस्तीही सोडली नाही.

पहिल्या महायुद्धात क्वेकर पंथाच्या या जोडप्याने युद्धाला विरोध केला आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. केंटमधली फेअरबी ग्रेंज ही वास्तू त्यांनी विकत घेतली. तेथे आधी तुरुंगातून खंगून सुटलेले युद्धविरोधक आणि नंतर बर्मंडसीतल्या बाळंतिणी विश्रांतीला जाऊ लागल्या.

मग १९२२ साल उजाडले. सॉल्टर पार्लमेंटवर निवडून गेले, मजूर पक्षाने बरो कौन्सिल जिंकले आणि एडा महापौर झाल्या. लंडनमधल्या पहिल्या महिला महापौर. त्यांनी महापौरांचा झगा आणि साखळी घालायला नकार दिला. पुढची दहापंधरा वर्षे बर्मंडसीत जे घडले, ते सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी मुळातून पाहावे असे आहे. क्षयरोगाच्या काही रुग्णांना कौन्सिलने आपल्या खर्चाने स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ येथे सूर्यप्रकाशाच्या उपचारासाठी धाडले. सर्वांना तेथे पाठवणे शक्य नव्हते, म्हणून १९२६ मध्ये किरणोपचाराचे केंद्र बर्मंडसीतच उघडले. धुराने काळवंडलेल्या वस्तीत दिव्यांचा सूर्य! ग्रेंज रोडवर भव्य सार्वजनिक स्नानगृहे झाली, कारण बहुसंख्य घरांत न्हाणीघर नव्हतेच. १९३६ मध्ये त्याच रस्त्यावर आरोग्यकेंद्र उभे राहिले.

याहून मजेशीर प्रकरण चित्रपटांचे. डॉ. कॉनन या आरोग्याधिकाऱ्यांच्या खात्याने दात, दूध, क्षयरोग, साबण अशा विषयांवर स्वतः मूकपट काढले. संध्याकाळी एक मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी राही, पडदा लागे, आणि पोरेबाळे, बायाबापड्या जमून चित्रपट पाहत. बाल्कनीतून वाकून पाहणारेही असत. मध्येच अधिकारी उभे राहून दोन शब्द सांगत. आपल्याकडच्या गावोगावच्या फिरत्या सिनेमाची आठवण यावी असा हा थाट; फक्त नायकाच्या जागी टूथब्रश.

एडा यांच्या पुढाकाराने कौन्सिलच्या सुशोभन समितीने हजारो झाडे लावली. स्मशानांच्या बागा झाल्या, खेळायला मैदाने मिळाली. डॉक्टर आणि एडा यांचे खरे स्वप्न मात्र बागेसह टुमदार घरांचे होते. विल्सन ग्रोव्ह येथे अशी चोपन्न घरे बांधली गेली आणि ती आजही उभी आहेत. संपूर्ण बरो तसा करायचा तर निम्म्याहून अधिक लोकांना दुसरीकडे हलवावे लागले असते, आणि धक्क्यावर पहाटे कामाच्या आशेने उभे राहणाऱ्याला दूर राहून चालत नव्हते. शेवटी अनेक मजल्यांच्या चाळीवजा इमारतींनाच पर्याय उरला नाही. या बाबतीत सॉल्टर यांचा हट्ट व्यवहाराला धरून नव्हता असे मला वाटते. बालमृत्यू आणि क्षयाचे मृत्यू मात्र त्या वर्षांत घटत गेले. ते साऱ्या इंग्लंडमध्येच घटत होते हे खरे. पण ज्या वस्तीत ते घटणे सर्वांत कठीण होते, तेथेही ते घटले.

दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात धक्क्यांलगतची ही वस्ती भाजून निघाली. तीस वर्षे एकेक वीट रचून उभे केलेले डोळ्यांदेखत कोसळत होते, तरीही सॉल्टर यांनी युद्धविरोध सोडला नाही. ४ डिसेंबर १९४२ रोजी एडा गेल्या. २४ ऑगस्ट १९४५ रोजी डॉक्टर गेले. राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू व्हायला आणखी तीन वर्षे होती. त्यांचे चरित्र लिहिले फेनर ब्रॉकवे यांनी. कोलकात्यात जन्मलेले आणि भारताच्या स्वातंत्र्याची बाजू पार्लमेंटात लावून धरणारे तेच ब्रॉकवे.

जमैका रोडवरून नदीकडे चालत गेले की एंजल पबजवळ एका बाकावर वृद्ध सॉल्टर बसलेले दिसतात. कठड्याशी छोटी जॉइस उभी आहे, आणि भिंतीवर तिचे मांजर. १९९१ मध्ये बसवलेला डॉक्टरांचा ब्राँझचा पुतळा २०११ मध्ये भंगाराच्या लोभाने चोरीला गेला. रहिवाशांनी वर्गणी काढली, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात नवा पुतळा बसला. या वेळी शेजारी एडाही आहेत, हातात फावडे घेतलेल्या.