बाळंतपणाच्या रजेचा पैसा कुणी द्यायचा?

बाबासाहेबांचे चरित्र सांगताना चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार आणि संविधान एवढ्यावर बहुतेक वक्ते थांबतात. कामकरी बाईच्या बाळंतपणाच्या रजेचा पैसा कुणी द्यावा, या प्रश्नाला त्यांनी कायदेमंडळात दिलेले उत्तर आपल्याच लोकांना फारसे माहीत नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे भीमाईंचे चौदावे अपत्य. त्यांच्या लहानपणीच आई गेली. पुढे माता रमाईंच्या पाच लेकरांपैकी चार दगावली. राजरत्न गेला तो १९२६ साली. तेव्हा बाबासाहेबांचा संसार परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी होता. बाळंतिणीची आबाळ काय असते, हे कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेल्या या विद्वानाला पुस्तकातून वाचावे लागले नाही.

१९२७ पासून ते मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद होते. जुलै १९२८ मध्ये तेथे प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. मुंबईत गिरण्यांचा मोठा संप चालू होता. बाबासाहेब विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची स्पष्ट भूमिका होती. पण त्यांनी मालकालाही मोकळे सोडले नाही. पुरुषाऐवजी बाईला कामावर ठेवण्यात जास्त फायदा दिसतो म्हणूनच मालक तिला ठेवतो; मग त्या फायद्यातून त्याने काही भार सोसलाच पाहिजे, असे त्यांनी बजावले. सरकार पुढे येत नाही तोवर बाईने उपाशी राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९२९ चा मुंबईचा कायदा झाला. त्यात पैसा मात्र एकट्या मालकाकडून घ्यायचा ठरला.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्त्या केल्या. १९४४ मध्ये कोळशावर उपकर बसवून खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. कुठल्या खाणीत किती बाया आहेत, याचा या उपकराशी संबंध नव्हता. सगळ्या धंद्याने मिळून भार वाहायचा. त्याच काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली. तिच्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. या विम्यात मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात आणि बाळंतपणाचा पैसा विम्यातून मिळतो.

हा रस्ता आपण अर्धवट सोडला. विम्याच्या कक्षेबाहेरील नोकरदार बाईच्या रजेचा सगळा पगार १९६१ च्या कायद्याने पुन्हा तिच्या मालकावर टाकला. २०१७ मध्ये ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्याचे स्वागतच आहे. पण पैसे देणारा तोच राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच रचना आहे. परिणाम काय? नुकतेच लग्न झालेली मुलगी मुलाखतीला आली की मालक मनातल्या मनात २६ आठवड्यांचा हिशेब मांडतो आणि नोकरी पुरुषाला देतो. कायदा बाईसाठी आणि तोटाही बाईलाच!

आणि ज्यांना ठरलेला मालकच नाही त्यांचे काय? शेतमजूर, ऊसतोड कामगार, कचरावेचक, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी रजा मागायची कुणाकडे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातेला किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० ठेवले. एकीला २६ आठवड्यांचा पूर्ण पगार आणि दुसरीला एवढ्यावर बोळवण, हा कुठला न्याय?

जन्माला येणारे मूल एका मालकाचे नसते, ते या देशाचे असते. म्हणून सरकारी तिजोरी, सर्व मालकांची वर्गणी आणि त्यातून प्रत्येक कष्टकरी मातेला पगारी विश्रांती, ही मागणी आंबेडकरी चळवळीने रस्त्यावर आणि सभागृहात लावून धरली पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर लाखो रुपये उधळण्यापेक्षा या एका मागणीचा फलक हाती धरणे, हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.