मुंबईच्या वाडियांनी बांधलेलं सागवानी जहाज २०० वर्षांनंतरही पाण्यावर कसं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकी परिसरात सागवानाचं कुणाला अप्रूप नाही. पैनगंगेच्या जंगलात साग भरपूर. पण याच जातीच्या लाकडाने एका मुंबईकर माणसाचं नाव थेट ब्रिटिश नौदलात पोहोचवलं. तो माणूस म्हणजे जमशेदजी बोमनजी वाडिया.

जन्म १७५४ चा. आजोबा लवजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि गोदीच्या कामाला लागले. जमशेदजींनीही सुतारकामापासून सुरुवात केली. १७९२ मध्ये ते गोदीचे मुख्य बांधणीदार झाले.

पुढे नेपोलियनशी युद्ध सुरू झालं आणि इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई होती. मलबारचा साग मात्र मिळत होता. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, तर सागातलं तेल ते सांभाळतं. शिवाय साग लवकर कुजत नाही.

तरी प्रश्न होताच. गोऱ्या कारागिराच्या देखरेखीशिवाय एका हिंदी माणसाला युद्धनौका द्यायची? लंडनच्या जहाजबांधणीवाल्यांचा तर मुंबईच्या जहाजांनाच विरोध होता. जमशेदजींनी उत्तर कामातून दिलं. १८१० मध्ये त्यांची ७४ तोफांची ‘मिंडेन’ पाण्यात उतरली.

मग आली ‘त्रिंकोमाली’. तिचे नकाशे ज्या ‘जावा’ जहाजातून येत होते, ते १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने लढाईत हरवलं आणि ते नष्ट झालं. नकाशे पुन्हा मागवावे लागले. पारशी रीतीप्रमाणे तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. ३१ ऑगस्ट १८२१ ला जमशेदजी गेले.

जहाज मात्र राहिलं. पुढे ते मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरलं गेलं. १९८७ मध्ये ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आलं आणि १० वर्षांहून जास्त काळ त्याची डागडुजी चालली.

जुन्या लाकडी जहाजाची डागडुजी म्हणजे फळी कापली आणि ठोकली, इतकं सोपं नसतं. जहाजाच्या पोटाला बाक असतो. आधी जुन्या जागेचा फर्मा काढायचा, त्यावर नवी फळी बेतायची, वाफेवर मऊ करून वळवायची. काठाच्या पट्ट्या बसवताना स्क्रूचं डोकं लाकडी बुचाने झाकायचं आणि बुचाचे रेषे फळीच्या रेषांना जुळवायचे. सागाला गोंद लावायचा तर आधी वरचं तेल पुसायचं, नाहीतर जोड सुटतो. जुनं लाकूड जितकं शाबूत, तितकं नवं कमी जोडावं लागतं. ‘त्रिंकोमाली’च्या सांगाड्यात मुंबईत बसवलेला बराचसा साग शाबूत होता.

आज ‘त्रिंकोमाली’ ही पाण्यावर तरंगणारी सर्वात जुनी ब्रिटिश युद्धनौका मानली जाते. ज्या कारागिरावर भरवसा ठेवावा की नाही याची चर्चा झाली, त्याच्या हातचं काम बघायला लोक आता तिकीट काढून जातात.