निवाऱ्याच्या शोधात बाबासाहेब

१९१३ सालच्या जानेवारी महिन्याची अखेर होती. बडोद्याहून मुंबईस निघालेला एक एकवीस वर्षांचा पदवीधर सुरत स्थानकावर खाली उतरला. वडील अत्यवस्थ असल्याचे त्याला कळले होते. त्यांच्यासाठी थोडी मिठाई घ्यावी, एवढाच त्याचा हेतू. मिठाई घेईपर्यंत गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो परळला पोहोचला, तेव्हा वडील अखेरच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी रोजी सुभेदार रामजी सकपाळ यांनी देह ठेवला. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

पदवीनंतर मी पुढील अभ्यासासाठी सुरतेला गेलो, तेव्हा त्या फलाटावर उतरताना ही हकीकत मला आठवली होती. पण बाबासाहेबांचे चरित्र मला खरे समजू लागले ते त्यानंतरच्या आठवड्यात, विद्यापीठाच्या आसपास खोली शोधताना. माझ्याबरोबर आपल्याच भागातला माझा एक मित्र होता. आम्ही दोघे दारोदार हिंडत होतो. घरमालक प्रथम गाव विचारी, मग आडनाव, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर सरळ जात. चौथ्या दिवशी एका घरी मला खोली मिळाली. मित्राला मिळाली नाही. त्याच घरात, त्याच जिन्यावर, पाच मिनिटांच्या अंतराने हे घडले. मी काय केले ते शेवटी सांगतो.

बाबासाहेबांचे चरित्र आपण सामान्यतः पदव्या, सत्याग्रह आणि घटना या क्रमाने वाचतो. मला ते निवाऱ्याच्या अंगाने वाचावेसे वाटते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. बालपण साताऱ्यास गेले. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील लहानशा जागेत त्यांचा अभ्यास चाले. घरात निजानीज झाल्याशिवाय पुस्तक उघडण्याची सोय नव्हती. म्हणून वडील मध्यरात्रीनंतर दोन वाजता मुलाला उठवून दिव्याशी बसवीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा तेथे त्यांना राहावयास घर मिळेना. आर्य समाजाच्या कचेरीत त्यांनी मुक्काम केला. त्या मुक्कामातूनच ते वडिलांच्या भेटीस निघाले होते.

त्याच वर्षी महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये ते राहिले. लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला, तो जन्माचा मित्र म्हणून. खोलीचे दार ठोठावण्यापूर्वी आपली जात आठवावी लागत नाही, हा अनुभव त्यांना आयुष्यात प्रथमच मिळत होता. १९१५ साली ते एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

करारानुसार त्यांनी बडोदे संस्थानची नोकरी धरली. अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात पाठ टेकायला जागा नव्हती. हिंदूंची खानावळ त्यांना घेणार नव्हती. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तीही फक्त पारशांसाठी होती. तेथील रखवालदाराने तोडगा काढला आणि पारशी नाव नोंदवून दिवसाला दीड रुपया भाड्याने माडीवर जागा दिली. माडीवर मोडके सामान, धूळ आणि अंधार. रात्री एका मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात ते एकटे वाचीत बसत.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले असता लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. त्यांनी त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद दिली. बाबासाहेबांचे बडोद्यात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. त्यांच्याकडे ते गेले. पहिल्याने सांगितले की तुम्ही घरी आलात तर नोकर निघून जातील. दुसऱ्याने पत्नीला विचारून सांगतो म्हणून विषय टाळला. दोघांपैकी कोणी दुष्ट नव्हते. दोघांना मित्राविषयी वाईटच वाटत होते. रात्री नऊची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढले. त्या दिवशीचा प्रसंग आठवला की पुढेही डोळ्यांना पाणी येते, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्याच रात्री ती गाडी त्यांना घेऊन सुरतेवरून गेली असली पाहिजे. या वेळी मिठाई घ्यायला वडील नव्हते.

पुढची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसा साठवून, कोल्हापूरचे शाहू महाराज व भथेना यांच्या साह्याने १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे भाड्याच्या खोलीत राहून, अर्धपोटी राहून त्यांनी ग्रंथालये पालथी घातली. १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे त्यांनी जर्मन भाषेत स्वहस्ते अर्ज लिहिला आणि त्या विद्यापीठाने त्यांचे नाव दाखल करून घेतले. बॉनची पदवी त्यांच्या हाती लागली नाही, ही गोष्ट वेगळी. पण परक्या देशातील विद्यापीठाने एका अर्जावर दार उघडले आणि ज्या नगरीची चाकरी करायची, तिने एका खोलीचे दार उघडले नाही, ही तुलना आपण विसरू नये.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन ते परत आले आणि त्याच वर्षी डी.एस्सी. झाले. एखाद्याने आपल्यापुरते चांगले घर बांधले असते. त्यांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पुढे शिक्षणसंस्थेमार्फत इतर ठिकाणी वसतिगृहे निघाली. त्यांत आपल्या कानडी विभागाच्या मित्रांना जवळचे असलेले धारवाडही होते. शाळा तर सरकारनेही उघडल्या होत्या; पण शाळा सुटल्यावर मुलाने जायचे कुठे, हा प्रश्न ज्याने कामाठी बागेत बसून भोगला होता, त्याला तो सुचला. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद ही महाविद्यालये निघाली. मिलिंदच्या उभारणीतही विद्यार्थ्यांच्या निवासाचा विचार वर्गांच्या बरोबरीने झाला. दादरला त्यांनी बांधलेले राजगृह हे प्रामुख्याने पुस्तकांचे घर होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत अलीपूर रोडवरील ज्या वास्तूत त्यांचे निर्वाण झाले, ती त्यांच्या मालकीची नव्हती.

आता माझे सांगतो. त्या दिवशी जिन्यावर मी काही बोललो नाही. मित्राने माझ्या खोलीत चार दिवस राहण्याविषयी विचारले, तेव्हा मालकाला विचारून सांगतो, असे मी म्हणालो. मी विचारले नाही. मित्र गावी परत गेला. बडोद्याच्या त्या दोन मित्रांची हकीकत मी शाळेत असताना वाचली होती आणि त्यांचा मला रागही आला होता.

बाबासाहेबांनी त्या दोघांच्या चांगुलपणावर विसंबून राहायचे नाही असे ठरवले आणि ज्यांचे दार कोणाच्या मनधरणीवर उघडत नाही, अशा इमारती उभ्या केल्या. आपल्या वसतिगृहात खोली मिळताना आडनाव कोणी विचारले नाही, ही सोय कोणाच्या अपमानातून आली आहे, हे आपण जाणून असावे. आणि वसतिगृहाबाहेर पडून कोणत्याही गावी भाड्याच्या खोलीची किल्ली हाती आली, तर आपल्या मागे जिन्यावर कोण उभे आहे, हे वळून पाहावे. मी पाहिले होते. पाहून आत गेलो.