पिंपावरची टिचकी

घरात कुणी जास्त आजारी पडलं की कधीतरी कानावर येतं, छातीत पाणी झालंय. हे पाणी म्हणजे फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या फटीत साठलेला द्रव. तो वाढला की फुप्फुस दबतं आणि पेशंटला श्वास पुरत नाही. पण बंद छातीत पाणी आहे हे न कापता ओळखायचं कसं? आपल्या भाषेत बोलायचं तर हा नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचाच प्रश्न! तो पहिल्यांदा नीट सोडवला एका सरायवाल्याच्या डॉक्टर मुलाने.

लिओपोल्ड औएनब्रुगर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १७२२ रोजी ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे झाला. वडिलांची सराय होती आणि सराय म्हटली की दारूची पिंपं आलीच. पिंपावर ठोकलं की रिकाम्या भागावर आवाज घुमतो, भरलेल्या भागावर बद्द येतो. लहानपणी पाहिलेली ही युक्तीच त्यांना पुढे सुचली, असं सांगतात. आपला मीरा रोड स्टेशनबाहेरचा शहाळेवाला तरी टिचकी मारून वेगळं काय पाहतो?

व्हिएन्नाला डॉक्टरकी शिकून १७५१ साली ते तिथल्या स्पॅनिश हॉस्पिटलात कामाला लागले. त्या काळी निदान म्हणजे पेशंटला प्रश्न विचारणं, नाडी बघणं आणि लघवी तपासणं. औएनब्रुगर मात्र पेशंटच्या छातीवर बोटांच्या टोकांनी हलकेच ठोकू लागले. निरोगी छाती जाड कापडाने झाकलेल्या ढोलासारखी वाजते, आणि पाणी साठलं असेल तिथे मांडीवर ठोकल्यासारखा बद्द आवाज येतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. दगावलेल्या पेशंटची छाती उघडून आपला अंदाज बरोबर होता का, हे त्यांनी ताडून पाहिलं. मृतदेहांच्या छातीत पाणी भरून, जिथवर पाणी तिथवरच आवाज बद्द येतो, याचीही खात्री केली. याला म्हणतात कॅलिब्रेशन! सात वर्षांच्या अनुभवानंतर १७६१ मध्ये त्यांनी जेमतेम ९५ पानांचं लॅटिन पुस्तक काढलं. नव्या शोधाच्या वाट्याला हेवा आणि टीका यायचीच, हे त्यांनी प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं.

झालं त्याहून वाईट. टीकासुद्धा फारशी झाली नाही! व्हिएन्नातल्या बड्या गुरुजनांनी पुस्तकाकडे पाहिलंच नाही. श्टोल नावाच्या एका प्राध्यापकांनी ही रीत वापरली, पण त्यांच्या मागे ती पुन्हा विस्मरणात गेली. औएनब्रुगर कुणाशी भांडत बसले नाहीत. पेशंट बघत राहिले. कान मुळातच संगीताचा होता. १७८१ मध्ये सालिएरी या संगीतकाराच्या एका विनोदी ऑपेराची संहिता त्यांनी लिहिली. त्यांच्या दोन मुली उत्तम पियानो वाजवायच्या. हायडनने आपल्या सहा रचना त्यांना अर्पण केल्या आहेत.

पुढे पॅरिसमध्ये नेपोलियनचे डॉक्टर कोर्व्हिसार यांना ते जुनं पुस्तक सापडलं. वर्षानुवर्षं ही रीत वापरून, शिकवून त्यांनी १८०८ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला आणि स्वतःची भरपूर टिपणं जोडली. मनात आणलं असतं तर शोध स्वतःच्या नावावर खपवता आला असता. विचारणार कोण होतं? पण त्यांनी श्रेय औएनब्रुगर यांनाच दिलं. मूळ पुस्तकाला तेव्हा ४७ वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, मे १८०९ मध्ये, औएनब्रुगर व्हिएन्नात वारले. त्यानंतर कोर्व्हिसार यांचे विद्यार्थी लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला आणि छातीतले आवाज जगभरच्या डॉक्टरांच्या कानी आले.

आज आयसीयूत पेशंट उताणा असतो. पाणी पाठीमागे पसरतं, त्यामुळे एक्स-रेत ते सहज निसटतं. व्हेंटिलेटरच्या आवाजात टिचकीही नीट ऐकू येत नाही, आणि पाणी थोडं असेल तर ती फसतेच. मग खाटेजवळ सोनोग्राफीचं मशीन आणतात. पाणी कुठे आहे, किती आहे, सुई कुठे घालायची, हे त्यात दिसतं. पण तत्त्व पाहिलंत? आवाज आत पाठवायचा आणि परत आलेला आवाज वाचायचा! बोटाच्या जागी प्रोब आला, इतकंच.

तेव्हा दोस्तांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरची जुनी फाइल समोर आली, तर औएनब्रुगर यांच्या सात वर्षांबरोबर कोर्व्हिसार यांचा तो मोठेपणाही आठवा. आपण ज्याच्या कामावर उभे आहोत, त्याचं नाव पहिल्या पानावर लिहायला जागा फारशी लागत नाही.